अकरा नंबरचे बूट

मी काकड्याला फसवलं. नंतर मुकादमाने आम्हा दोघांना फसवलं. क्रम असा आहे. तेवीस वर्षं मी तो स्वतःला सांगताना पहिलं वाक्य गाळत आलो.

काकड्या माझ्या मोठ्या काकाचा मुलगा. मी निघालो त्या सकाळी तो मला बोईसर स्टेशनपर्यंत सोडायला आला होता. माझ्या हातात पत्र्याची पेटी, आणि पळसाच्या पानात बांधलेल्या दोन भाकऱ्या नि सुकटाची चटणी. त्याच्या पायात माझे गमबूट. बूट त्याला एक नंबर लहान होते, म्हणून त्याने आदल्या दिवशी कोयत्याने त्यांची पुढची टोकं कापली होती. कापलेल्या भागातून त्याचे अंगठे बाहेर आलेले. बुटांच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने अकरा लिहिलेलं. खाणीत बूट चोरीला जायचे, म्हणून मुकादम प्रत्येकाच्या बुटावर त्याचा हजेरीचा नंबर घालायचा. माझा अकरा होता. माझ्याआधी बाबांचाही अकराच होता.

सुरतेकडची पॅसेंजर आली तेव्हा काकड्या म्हणाला, "पंधरा दिवस म्हंजे पंधराच हां. माझी वरईची जमीन भाजायची राहिलीय."

"पंधराच," मी म्हणालो. परत यायचं नाही हे मी महिनाभर आधीच ठरवलेलं होतं.

आमच्या खाणीची रीत अशी होती. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतली की पावसाळा लागेपर्यंत माणूस खाणीचा. मधेच जायचं असेल तर घरातला दुसरा माणूस आणून उभा करायचा. त्याला बदली म्हणायचे. हजेरीवर नाव जुन्याचंच राहायचं, नंबरही त्याचाच. काम करणारा कोण हे मुकादमाला, त्याच्या जोडीदाराला आणि दगडाला माहीत असायचं.

काकड्या जव्हारच्या बाजूचा, डोंगरातला. पावसावरची थोडी नागली, थोडी वरई. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, नुकतंच लग्न झालेलं, तरी मी त्याला नावानेच हाक मारायचो. बदली राहायच्या मोबदल्यात त्याने माझ्याकडे काय मागितलं? माझा रेडिओ. मी घासाघीस केली. म्हणालो, खाणीत रेडिओ काय ऐकणार, आधी पाय वाचव. आणि बूट दिले. रबर वापरून सैल होतं असंही सांगितलं. रबर सैल होत नाही. रेडिओ मी पेटीत घालून सुरतेला नेला. तो माझा आयुष्यातला पहिला मोठा सौदा. अजून त्याच्याइतका स्वस्त सौदा मला जमलेला नाही, आणि इतका महागही कुठला पडलेला नाही.

पण फसवणूक ती नव्हे. ती अजून सांगायची आहे.

अकरा नंबरचं काम सुरुंगाचं नव्हतं, फोडायचंही नव्हतं. ऐकायचं होतं. सुरुंग उडाला, धूळ बसली, की बाकीची टोळी आत जाण्याआधी एकाने पहार घेऊन कड्यापाशी जायचं आणि ठोकून बघायचं. दगड खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर आतून सुटलेला, त्याच्याखाली कोणी जायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. बाबांनी मला दोन वर्षं पहारीला हात लावू दिला नव्हता, नुसतं मागे उभं राहून ऐकायला लावलं होतं. म्हणायचे, "माणूस खोटं बोलतो, दगड नाय बोलत. त्याला कान दे." खोकल्याने ते गेले तेव्हा टोळीने दुसरा माणूस शोधलाच नाही. मलाच पुढे केलं.

तेव्हा मुकादमाला माझ्या जागी साधी बदली चालणार नव्हती. ज्याला कान आहे असाच माणूस हवा होता. मी त्याला जाऊन सांगितलं, "काकड्याला येतं. बाबांनी माझ्यासंगतीच शिकवलंय त्याला."

काकड्या बायकोला घेऊन त्याच आठवड्यात डोंगरातून पहिल्यांदा खाली उतरला होता. मुकादमाने त्याला उतरताना पाहिलं होतं. तो माझ्याकडे बघून हसला. त्याला हंगाम संपवायचा होता, मला सुरत गाठायची होती. "चालेल," तो म्हणाला. एक शब्द माझा, एक त्याचा. काकड्याला आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

सुरतेला मी एका दगडाच्या वखारीत लागलो. बारा-तेरा दिवस झाले असतील. डहाणूकडचा एक माणूस तिथे हमाली करायचा. जेवताना तो म्हणाला, "बोईसरच्या खाणीत कडा बसला. सात माणसं गेली. त्यात एक तुझ्याच नावाचा हाय, नवशा." बाकीचे हसले. मीही हसलो. घास गिळल्यावर मला कळलं की मी काय ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरला उतरलो. पाड्यावर न जाता आईला निरोप धाडला. ती स्टेशनबाहेर आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मला वडाच्या आडोशाला नेलं. मग सांगितलं. चेहरे ओळखण्यासारखे उरले नव्हते. मुकादमाने साहेबलोकांना बूट दाखवले. अकरा नंबर, अकरा म्हणजे नवशा. आईने कापलेली टोकं पाहिली, तिला लगेच कळलं. सुकरीला, काकड्याच्या बायकोला, त्याहून आधी कळलं होतं. ती ओरडणार तेवढ्यात मुकादमाने दोघींना बाजूला घेतलं. मेलेल्यांच्या घरच्यांना चाळीत एकेक पक्की खोली मिळणार होती, पण हजेरीवर नाव असेल त्यालाच. काकड्याचं नाव कुठेच नव्हतं. तो खाणीत होता हेच कागदाला मान्य नव्हतं.

"तू माघारी जा," आई म्हणाली. "तू जिता झालास तर कुणालाच काय मिळायचं नाय."

माझ्या लोकांनो, तुमच्यापैकी जे निघून गेलात त्यांना हे सांगितलं पाहिजे. मला त्या क्षणी रडू आलं, हे खरं. आणि सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. मेलेल्या माणसाकडे कोणी पंधरा दिवसांचा हिशोब मागत नाही.

मी माघारी गेलो. नवशाचा नवीन केला. सुरतेत मला सगळे नवीनभाई म्हणतात. आधी कटिंगच्या मशीनवर, मग स्वतःचा टेम्पो, मग दुकान. कडप्पा, कोटा, ग्रॅनाइट, संगमरवर. गुजरातीत भाव करतो, हिंदीत मजुरांवर ओरडतो, मराठीत फक्त बायकोशी बोलतो, आणि तिची मराठी खानदेशी. मुलं मला पप्पा म्हणतात आणि चालो, जमी लइए म्हणत ताटावर बसतात. एखादी बाई ओट्यासाठी स्लॅब पसंत करते तेव्हा मी बोटाच्या सांध्याने ठोकून तो तिला ऐकवतो. "सांभळो बेन, घंटी जेवो." ऐका ताई, घंटेसारखा. बद्द वाजणारा माल मी दुकानात उतरवूच देत नाही. त्यावरून ट्रकवाल्यांशी किती भांडलो असेन, हात उगारण्यापर्यंत. लोक म्हणतात नवीनभाईचा कान जबरा आहे. मला त्या वाक्याचा संताप येतो आणि का येतो ते मी कोणाला सांगू शकत नाही.

संतापाचं दुसरं कारण सांगतो, लाज वाटते तरी. बोईसरकडची, मला न ओळखणारी माणसं कधीमधी भेटायची. त्यांच्याकडून कळायचं की खाण बंद झाली, पाणी भरलं, स्मारकाचा दगड बसवला, आणि लोक म्हणतात, "नवशाचा कान चुकला, म्हणून सात गेले." हे ऐकून मी पेटायचो. माझा कान? माझा कान कधी चुकला नाही. मी तिथे नव्हतोच. इतकी वर्षं मी मुकादमावर हा डूख धरून होतो की त्याने माझ्या कानाला बट्टा लावला. काकड्याच्या नावाचं काय झालं, हे मला त्याच्या मागून आठवायचं. कधी आठवायचंही नाही.

आईला मी पालघरच्या एसटी स्टँडवर भेटायचो. तीनदा ती सुरतेलाही येऊन गेली. घरात कोण असतं, सोबत कोण येतं, हे मी विचारलं नाही. तिने एवढंच सांगितलं होतं, "बाई येते एक सोडायला." सुकरी कशी आहे, हेही मी विचारलं नाही. ज्याचं उत्तर नको असतं तो प्रश्न मी विचारत नाही. धंद्यात ही सवय चांगली असते.

मागच्या महिन्यात आईच्या फोनवरून एका पोरीचा आवाज आला. "काका, मी रेश्मा. काकड्याची." बाप गेला तेव्हा ती सुकरीच्या पोटात होती. आता तारापूरच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांच्या लाइनवर आहे. म्हणाली, "रस्ता रुंद होतोय. स्मारक हलवनार. पाटी फुटंल म्हणून नवी करनार हायेत. कमिटीचा नियम हाय, फोटोत जे दिसंल तेच नव्या पाटीवर. तुमी दगडाच्या धंद्यातले. तुमीच या फोटो काढायला."

"कमिटीत कोण आहे?"

"अध्यक्ष मुकादमच हाय."

मी सगळी कामं पुढे ढकलली आणि निघालो. बायकोला सांगितलं, मालाचे फोटो काढायला जातोय. तेही खोटंच.

बोईसरला उतरलो. नवापूर रस्त्याने शेअर रिक्षा. शेजारी बिहारचे दोन तरुण, डबा मांडीवर, पहिल्या पाळीला चाललेले. एकाने विचारलं, "चाचा, कहाँ?" मी म्हणालो, "खानपाडा." तो म्हणाला, "अच्छा, सात खोली." पाड्याला आता तेच नाव पडलंय. त्या सात खोल्या बांधल्या तेव्हा तिथे दुसरं पक्कं काही नव्हतं. आता त्यांच्या मागे-पुढे दुमजली भाड्याच्या खोल्या, खिडक्यांत वाळणारे निळे युनिफॉर्म, गल्लीत मोबाइल रिचार्जचं दुकान, लिट्टीची गाडी, दांडी गावची कोळीण टोपली घेऊन दारोदार. पूर्वी सुरुंगाआधी लाल कापड फडकवायचे आणि बायका चुलीवरची भांडी खाली काढायच्या. आता पाळीचा भोंगा होतो आणि कोणी मान वर करत नाही. हवेला औषधांचा आंबट वास. खाणीच्या खड्ड्यात हिरवं पाणी, त्यात कोणी तरी मासे सोडलेत. कडा तसाच आहे. त्या कड्याचा दगड रस्त्यांत गेला, कारखान्यांच्या पायाभरणीत गेला, तिकडे एडवणच्या किनाऱ्यावर समुद्र अडवायला गेला. मी सगळ्याचे फोटो काढत गेलो. काही तरी करत राहिलो की पाय चालतात.

चहाच्या टपरीवर मुकादम बसला होता. पांढरा सदरा, हातात काठी. त्याने मला लगेच ओळखलं.

"ये. मेलेल्या मानसाची तब्येत बरी हाय की."

"तुमच्या कृपेने," मी म्हणालो. "पाटीवरचं चौथं नाव, माझं, बदलायचंय."

"फोटोत जे हाय तेच. ठराव झालाय."

"ग्रॅनाइट मी देतो. फुकट. अख्खी पाटी, कोरून, पॉलिश करून, इथे आणून बसवून. फक्त चौथं नाव मी सांगेन ते."

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "नवशा, तू शेठ झालास, पन मोल करायला मीच शिकवला तुला. नाव बदलला तर कागद बदलतील. खोली नवशाच्या मरनावर मिळालीय. नवशा मेलाच नाय म्हटल्यावर खोली कुनाची? म्हातारीला भायेर काढशील?"

मी उठलो. त्याच्या हातातला ग्लास मी उडवणार होतो. उडवला नाही, कारण तो बरोबर बोलत होता असं मला वाटलं. मुकादमाशी चाललेला भाव मी पहिल्यांदा अर्धा टाकून आईच्या खोलीकडे निघालो.

आईच्या खोलीत शिरायची ती माझी पहिली वेळ. माझ्या मरणावर मिळालेली खोली. भिंतीवर माझा फोटो नव्हता, ही गोष्ट मला आधी दिसली. मग दिसलं की एका कोपऱ्यात दोन गाद्या गुंडाळलेल्या आहेत, रेश्माचा कंपनीचा ड्रेस खिळ्याला आहे, आणि चुलीपाशी सुकरी बसलीय.

"वहिनी, तुम्ही इथे?"

"मग कुठं?" सुकरी म्हणाली. "बावीस वर्सं झाली."

आई खाटेवर होती. "पहिल्या पावसात हिची खोप गळली," ती म्हणाली. "तवा आनली ती आनली. कागद माझ्या नावाचा, चूल तिची. पोरगी हितंच जलमली. तुला सांगितलं नाय होय?"

सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. मुकादमाने ज्याची भीती घातली ते या दोघींनी कधीच मिटवून टाकलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी आईला म्हणालो, "नाव बदललं तर खोली जाईल, मुकादम म्हणतो."

"जाऊ दे की," आई म्हणाली. "खोली हिच्या नवऱ्याची हाय. हिच्या नावावर करा म्हनावं. नायतर भाड्यानं राहू, रेश्मा कमावतेय."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "दरवर्साला दगडापुढं नारळ फोडते ना मी, सगळी म्हनतात नवशाच्या नावानं. मी मनात काकड्याचंच घेते. तुझं कसं घेऊ? तू तर हायस."

आमच्यात अवचित गेलेल्या माणसाचा दगड बसवतात आणि वर्षातून एकदा त्याच्यापुढे नाव मोठ्याने घेऊन नारळ फोडतात. नाव घेतलं नाही तर तो माणूस ऐकत नाही, असं म्हणतात. काकड्याला तेवीस वर्षं कोणी मोठ्याने हाक मारलेली नव्हती.

सुकरीने चहा दिला. कप माझ्या हातात टेकवताना ती म्हणाली, "एक इचारू?"

"विचारा की, वहिनी."

"पहिल्या दिवशी खाणीतनं आला तवा तो मला म्हनाला, मुकादम म्हनतो मला येतं. मला तर कुनी शिकवलं नाय. मी म्हटलं, मग सांग त्याला. तर म्हनाला, सांगितलं, मुकादम हसला, म्हनाला तुझ्याच घरच्यानं सांगितलंय." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, चुलीत काटकी सारली. "कुनी सांगितलं रं?"

आयुष्यभर माझ्या तोंडाशी उत्तरं तयार असतात. गिऱ्हाइकाने एक म्हटलं की माझे दोन तयार. मी सुरुवातही केली. म्हणालो, "मुकादमाला माहीत होतं, वहिनी, त्याने स्वतः काकड्याला उतरताना..." आणि रेश्मा दारात उभी दिसली. सुट्टी काढून आलेली. तिच्या कपाळाची ठेवण काकड्याची आहे.

"मी," मी म्हणालो. "मी सांगितलं. आणि बूटही लहान आहेत हे मला माहीत होतं."

 आईने तोंड भिंतीकडे केलं. सुकरी म्हणाली, "बुटाचं मी नाय इचारलं."

खाणीच्या कड्यामुळे स्मारकावर ऊन उशिरा येतं. दहाच्या सुमाराला ते पाटीवर तिरकं पडतं. कोरलेल्या अक्षरांचा फोटो काढायला तेच ऊन लागतं, हे मला धंद्यामुळे माहीत. मी निघालो तशी सुकरीही उठली. डब्यातून मूठभर तांदळाचं पीठ तिने पदरात घेतलं. रेश्मा मागून आली.

स्मारक म्हणजे खाणीतलाच एक उभा दगड, माणसाएवढा, आणि त्यावर पांढरी पाटी. पाटी आता पिवळट, अक्षरांतला रंग गेलेला. खाली कोणी बिडीचं पाकीट टाकलेलं. दगडाला टेकून भाडेकरूंच्या दोन सायकली. मी सायकली हलवल्या, बाटलीतलं पाणी ओतून पाटी धुतली, सुकू दिली. नावं पुसट. फोन समोर धरला तर काहीच वाचता येईना.

"पीठ लाव, आये," रेश्मा म्हणाली.

सुकरी बोटाने पीठ घेऊन अक्षरांत भरत गेली. तिला वाचता येत नाही, पण कोणतं नाव कोणाचं हे तिला पाठ आहे. पहिलं. दुसरं. तिसरं. मग तिचा हात चौथ्यावरून सरकून पाचव्यावर गेला. पाचवं, सहावं, सातवं. तिने हात झटकले आणि मागे झाली.

"आये, एक राहिलं," रेश्मा म्हणाली.

"राहू दे," सुकरी म्हणाली. "तो समोर उभा हाय की."

मी फोटो काढला. सहा नावं पांढरी, ठळक. चौथ्या जागी नुसता दगड, कितीही मोठं करून बघा, एक अक्षर लागत नाही. मी पीठ मागितलं नाही. पंधरा-वीस फोटो घेतले, सगळे तसेच. मग मी दगडापाशी गेलो आणि सवयीने बोटाच्या सांध्याने ठोकला. खणखणीत होता. सुकरी म्हणाली, "तुझं काम झालं असंल तर बाजूला हो." ती तिथे बसली आणि मोठ्याने, गल्लीतल्या भाडेकरूंनी माना वळवाव्यात इतक्या मोठ्याने, तिने नवऱ्याला हाक मारली. एकदाच.

हे मी सुरतेत परत येऊन लिहितोय, आणि पाड्यावर सगळ्यांना पाठवतोय. जे तिथेच राहिले त्यांना, आणि डहाणू, वापी, सुरत, जिथे जिथे कोणी आपली जागा दुसऱ्याला देऊन निघून गेलं असेल त्यांना. आपण गेलो की मागे आपली जागा रिकामी राहते असं आपल्याला वाटतं, आणि त्या रिकाम्या जागेवर आपण फार हळवं बोलतो. जागा रिकामी राहत नाही. तिच्यात कोणी तरी उभं केलेलं असतं. माझ्या जागेत मी काकड्याला उभं केलं, त्याच्या पायाला न बसणारे बूट घालून, त्याला न येणारं काम देऊन. त्याच्याबरोबर आणखी सहा माणसं होती. त्यांच्याही घरच्यांनी हे वाचावं. कान नवशाचा चुकला नाही, काकड्याचाही चुकला नाही. काकड्याला कान दिलेलाच नव्हता. ते मला आणि मुकादमाला ठाऊक होतं.

माझं घर कोणतं, हे मुलं कधी विचारतात. ज्या गावात माझं नाव मेलेल्यांच्या दगडावर आहे, ते गाव माझं म्हणायचा मला हक्क नाही. ते नाव तिथून निघालं, तर कदाचित मी त्या गावात पाहुणा म्हणून जाऊ शकेन. आईजवळ आणि सुकरीवहिनीच्या चुलीपाशी, चहा मिळाला तर. यापेक्षा जास्त मी मागत नाही. पहिल्यांदाच मी कुठला भाव खाली पाडून मागत नाहीये.

आता मुकादम, तुमच्याशी.

फोटोत जे दिसेल तेच पाटीवर, हा तुमचा ठराव. फोटो सोबत जोडलाय. त्यात सहा नावं दिसतात. काळा ग्रॅनाइट मी माझ्या हाताने ठोकून निवडलाय, त्यावर सहाच नावं कोरून पाटी घेऊन येतोय. चौथी ओळ कोरी आहे. कोरणारा कारागीर छिन्नी घेऊन माझ्यासोबत असेल. पाटी बसवायच्या दिवशी सातही घरची माणसं, सात खोलीचे भाडेकरू, सगळे समोर असतील. अकरा नंबरच्या बुटांत त्या दिवशी कोण होतं, ते तुम्ही तिथे उभं राहून मोठ्याने सांगायचं. त्याला तिथे कोणी उभं केलं, हे मी सांगेन, आणि तुम्ही का हसलात हे तुम्ही सांगायचं. तुम्ही नाव उच्चारेपर्यंत छिन्नी उचलली जाणार नाही, आणि मी तिथून हलणार नाही. आधी कोण बोलणार, तेवढंच काय ते ठरवायचं राहिलंय. सांगा, मुकादम.